घरचं पाणी

गाडीच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला तेव्हा मी गोळपच्या चढावर होते आणि माझ्या मनात कसलाही मोठा विचार नव्हता. पूर्णगडला पोचायचं, किल्ल्याच्या तटावर बसायचं, पिशवीतले खारे शेंगदाणे खायचे, खाडीच्या तोंडाशी होड्या आत येताना बघायच्या आणि परत यायचं, एवढाच बेत. मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. जोर करून बाहेर पडणारी, फुसफुसणारी वाफ. मी गाडी कडेला घेतली, इंजीन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मागून आलेली एक रिक्षा थांबली. रिक्षावाला उतरला आणि वाफेकडे न बघता आधी माझ्या शेजारच्या सीटवर डोकावला, मग मागच्या. "बरोबर कोण नाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी आहे की." तर म्हणतो, "तसं नाय, चालवणारं कोण?" चावी मी त्याच्या नाकासमोर धरली. तो हसला. वाईट माणूस नव्हता, स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा देऊन गेला. पण जाता जाता म्हणालाच, "वहिनी, घरी पुरुषमाणसाला फोन लावा." त्या क्षणी मला गाडीपेक्षा, राहून गेलेल्या पूर्णगडापेक्षा, त्या वाक्याचा संताप आला. इंजीन निवेपर्यंत तो संताप निवला नाही. बाटलीतलं पाणी आत घालून, एसी बंद ठेवून, मी कशीबशी रत्नागिरीत, नाचण्याला घरी आले.

घरचा पुरुषमाणूस म्हणजे सदानंद. तो गेला त्याला दुसरं वर्ष चालू आहे. जिवंत होता तोवर मी उखाण्याशिवाय त्याचं नाव घेतलं नाही, 'अहो' आणि 'हे' यांतच संसार झाला. आता नाव घेते, तेही एकेरी. सुरुवातीला जीभ अडायची, आता नाही अडत. गाडी त्याची होती. रंग राखाडी, मागच्या काचेवर गणपती, आरशाला लटकवलेली कवड्यांची माळ. तो गेल्यावर ताडपत्रीखाली उभी होती. मी मारुती मंदिरापाशी ड्रायव्हिंग क्लास लावला तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं, भजनाला जाते म्हणून सांगायचे. क्लासमधला मास्तर म्हणायचा, "काकू, या वयात?" मी म्हणायचे, "या वयातच वेळ मिळाला." लायसन हातात आल्यावर मी पहिल्यांदा पूर्णगडला गेले, आणि मग जातच राहिले. लोक विचारतात, तिथे कोण आहे तुमचं? कोणी नाही. देवळाला जाता? नाही. मासळी आणायला? तीही नाही. बिनकामाचं एका जागी जाऊन परत येणं, हे बाईने केलं की लोकांना फार जड जातं. आयुष्यभर मी जिथे गेले तिथे काहीतरी काम होतं: बारसं, तेरावं, दळण, दवाखाना. आता उगाच जायचं होतं. त्यासाठी गाडी हवी होती. तेवढीच हवी होती, बाकी मला या घरातलं काहीही नको होतं.

गोळपच्या चढावरची वाफ देवरूखपर्यंत दिसली असावी, कारण संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे सदानंदचा थोरला भाऊ. देवरूखच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथलं घर आणि आंबे तेच सांभाळतात. "ऐकलं मी सगळं," म्हणाले. "गाडी रस्त्यात बंद पडून तुझं काय झालं असतं? विनीतला ती उपयोगी पडेल. रविवारी मी येतो नि घेऊन जातो. चावी काढून ठेव." विचारलं नाही, सांगितलं. विनीत म्हणजे त्यांचा मुलगा. आणि माझ्या तोंडून काय गेलं, तर "बरं." फोन ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ते 'बरं' माझं नव्हतंच. इतकी वर्षं तोंडात घोळून घोळून ते आपोआप गळतं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानेही त्याच दिवशी बॉनेट न उघडताच सांगितलं होतं, की इंजीनचं हेड गेलं असणार, गाडी विकून टाका. मी म्हटलं, आधी आतलं पाणी तर बदलून बघा. तो म्हणाला, "बाई, गाडीतलं तुम्ही नका सांगू." सगळे मिळून मला गाडीतून उतरवायला बसले होते. मी ठरवलं, आप्पा यायच्या आत ते पाणी मी बदलणार. गाडी थंड राहिली तर राहील माझ्याजवळ. नाही राहिली तर घेऊन जा म्हणावं, पण मी हात लावल्याशिवाय नाही.

रविवारी सकाळी मी सदानंदचा जुना शर्ट घातला, ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले आणि अंगणात पाट टाकून गाडीच्या तोंडाशी बसले. मोबाईलवर सांगलीकडच्या एका पोराचा व्हिडिओ लावला होता. तो म्हणायचा, "इंजिन गार झाल्याबिगर झाकान उघडायचं न्हाई, काय?" मी म्हणायचे, "नाही रे बाबा, नाही उघडत." बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, इंजीन गार ठेवणाऱ्या हिरव्या कुलंटचे डबे, पकड, नरसाळं, घमेलं, बादल्या, सगळं मांडलं. मांडून झाल्यावर मला उगाच बरं वाटलं. दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या झरीनने डोकं काढलं. तिचा नवरा कुवेतला असतो, त्यामुळे तिच्या घरचा नळ, फ्यूज, मोटार सगळं तीच बघते. "भाभी, हा काय चाललाय?" मी सांगितलं. ती जराही हसली नाही. "मांजरीला आत घेते," म्हणाली, "त्या हिरव्या पाण्याची चव गोड असते. चाटलंन तर मरेल." एवढंच बोलली आणि मांजर उचलून आत गेली. पुरुषमाणसाला बोलव असं न म्हणणारी त्या आठवड्यातली ती पहिली.

वरचं झाकण फडक्याने धरून उघडलं. मग गाडीखाली हात घालून रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा बूच शोधला. तो जागचा हलेना. पकड लावली तर तुटेल, नाही लावली तर फिरत नाही. मी आडवी झाले, गाल सारवलेल्या अंगणावर टेकला, खांदा बंपरखाली गेला. तोंडाने सदानंदला शिव्या देत होते, ते माझं मलाच नंतर कळलं. "मेल्या, एकदा तरी हा उघडला असतास." बूच किरकिरला, फिरला, आणि घमेल्यात पाणी पडायला लागलं. मी वाट बघत होते हिरव्याची. पडलं ते लाल. जांभ्याच्या खाणीत पाऊस साठतो ना, तो रंग. गढूळ, तळाशी चिकट गाळ, बोटांना लागला की सुटेना. मी बोट नाकाजवळ नेलं आणि मला तो वास ओळखीचा वाटला. गावच्या घराच्या न्हाणीचा वास. लोखंडाचा, ओल्या कातळाचा. आमच्या विहिरीचा वास.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा घरातल्या कोणाचीही ओळख करून द्यायच्या आधी मला विहीर दाखवली होती. जांभ्यात खोदलेली, बारमाही. पाहुणा आला की आधी पाणी, मग "कसं आहे पाणी?" हा प्रश्न, आणि पाहुण्याने "अमृत" म्हणेपर्यंत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मुंबईला जाणारा प्रत्येक जण पाण्याचा कॅन घेऊन जायचा. गाडी आली तेव्हा तिची पूजासुद्धा त्याच पाण्याने. पहिल्या सर्व्हिसिंगला कोणीतरी आत हिरवं कुलंट घातलं, तेव्हा सदानंदने ते गावच्या घरापुढे खळ्यात सोडून दिलं. "कसलं तरी औषध भरतात," म्हणाला. "गाडी घरची, पाणीही घरचं. मानवतं ते." आप्पा आणि तो, दोघे भाऊ कमरेवर हात ठेवून बॉनेटपाशी उभे, आणि कॅन धरून मी. ओतून झाल्यावर आप्पा म्हणाले, "आता गाडी सात पिढ्या चालेल," आणि दोघे खूश. त्यानंतर दर फेरीला गावाहून एक कॅन यायचा. तो कुठे ठेवायचा? मागे ठेवला तर लवंडतो. म्हणून माझ्या पायांत. देवरूखपासून रत्नागिरीपर्यंत मी दोन्ही पावलांच्या मध्ये कॅन दाबून बसायचे, घोटे आखडून जायचे. वळण आलं की सदानंद रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचा, "घट्ट धर गो, वळणावर सांडतं." मी रस्ता बघितलाच नाही कधी. मी ते झाकण बघत यायचे.

आणि बंब! दर दिवाळीआधी गावच्या बंबातला लाल राप मी घासून काढायचे. आमसुलं घासून घासून बोटं चिरायची. एक वर्ष नाही घासला, तर पाणी तापायला दुप्पट लाकडं लागली आणि मला बोलणी बसली. म्हणजे हे पाणी तापवलं की थर धरतं, हे मला ठाऊक होतं. मला! त्या घरात ते मलाच ठाऊक होतं, कारण घासायचे मी. आणि तेच पाणी मी स्वतःच्या पायांत दाबून गाडीसाठी आणत होते, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तिच्याही पोटात तसाच थर बसत असेल. येणार कसं? गाडी त्यांची होती, बंब माझा होता. घमेल्यासमोर बसून मला सदानंदचा इतका राग आला की तो समोर असता तर ते पाणी त्याच्या अंगावर फेकलं असतं. आणि लगेच दुसरं मनात आलं: हे त्याने ओतलेलं शेवटचं पाणी. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात त्याने बॉनेट उघडून कॅन रिकामा केला होता, दम लागत होता तरी. त्याच्या हातचं असं जगात जे काही उरलं होतं, ते या घमेल्यात होतं. मग मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. गडग्यापलीकडे झरीनच्या भांड्यांचा आवाज थांबला आणि तिने, देव तिचं भलं करो, पुन्हा मुद्दाम सुरू केला.

पण रडून झाल्यावर मी ते पाणी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं नाही. अंगणात ओतलं तर कातळातून थेट झरीनच्या विहिरीत उतरेल, म्हणून बादलीत काढून वर झाकण ठेवलं. बूच लावला, डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजीन चालू केलं. मग बंद करायचं, निवू द्यायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. मधल्या वेळात काही करण्यासारखं नसतं, नुसतं बसायचं. घरकामात असं बसता येत नाही, काहीतरी निवडत बसावं लागतं. मी पाटावर रिकाम्या हातांनी बसले आणि पूर्णगडाचा विचार करत राहिले. तिथे पहिल्यांदा गेले त्या दिवशी भरती होती. एक कोळीण जाळ्याच्या ढिगावर बसून चहा पीत होती, तिने विचारलं, "कोणाकडं आलीस?" मी म्हटलं, "कोणाकडेच नाही." ती जरा सरकली आणि मला बसायला जागा दिली. दुसऱ्यांदा सोडलेलं पाणी चहासारखं होतं. पुढचं फिकट. शेवटी घमेल्याचा तळ दिसला, आणि त्यावरचा पोचा दिसला, जो मला आजवर कधी दिसला नव्हता.

हिरवं कुलंट भरलं, झाकण उघडं ठेवूनच इंजीन चालू केलं. सांगलीचं पोरगं म्हणालं होतं, आत हवा अडकती, ती भाईर काढायची. काटा चढायला लागला. हीटरमधून मात्र गार वारा, म्हणजे हवा अजून आतच. मी रबरी नळी दाबत होते, बुडबुडे येत होते, काटा अजून चढत होता, आणि मनात आलं, गॅरेजवाला खरा ठरतो की काय. नेमकं तेव्हा फाटक वाजलं. आप्पा. पांढरा शर्ट, एसटीत चुरगळलेला, आणि हातात कॅन. तोच पाच लिटरचा, निळ्या झाकणाचा.

"काय गो बाय, हा काय अवतार?"

"पाणी बदलतेय गाडीचं."

"मेकॅनिक कुठाय?"

"मीच."

आप्पांनी एकदा माझ्याकडे, एकदा सदानंदच्या शर्टाकडे बघितलं. त्यांचा चेहरा जरा हलला. मग कॅन खाली ठेवून झाकण फिरवायला लागले. "बरं केलंस. हे बघ, घरचं पाणी आणलंय. काल रात्रीच काढून ठेवलं. घाटात लागेल म्हटलं." आणि खरं सांगते, त्या म्हाताऱ्याने एवढं ओझं एसटीतून मांडीवर आणलं होतं, भावाच्या गाडीला तहान लागेल म्हणून. मला ते कळत होतं. म्हणूनच बोलणं अवघड होतं.

"आप्पा, ते नको."

"का नको?"

"त्याच पाण्याने गाडी उकळली."

ते थांबले. कानशिलं लाल झाली. "आमच्या विहिरीला नावं ठेवतेस? ह्या पाण्यावर आमचा बापूस जगला. सदू जगला."

"माणसं जगली, आप्पा. इंजीन लोखंडाचं आहे."

"शहाणी झालीस!" म्हणाले आणि कॅन उचलून पुढे आले. काटा चढतच होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी रेडिएटरच्या उघड्या तोंडावर तळहात ठेवला. आतलं कुलंट गरम झालं होतं, उकळतं नव्हे, पण चटका चांगला बसला. "हात काढ," आप्पा म्हणाले. "नाही काढत." "राजश्री, हात काढ." "ओता माझ्या हातावर," मी म्हटलं, "पण आत एक थेंब जाणार नाही." गडग्यापाशी झरीन येऊन उभी राहिली होती. मी दुसऱ्या हाताने बादलीवरचं झाकण सरकवलं. "ते बघा, आतून काय निघालं ते. बोट घाला."

त्यांनी कॅन ठेवला, वाकले, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "हा तर आपल्या पाण्याचा वास," हळूच म्हणाले.

"आपल्या घरचा बंब कोण घासायचं, आप्पा?"

"तुम्ही बायकाच की."

"म्हणून तुम्हाला माहीत नाही."

तेवढ्यात माझ्या तळहाताखाली काहीतरी ओढल्यासारखं झालं. हात काढला, तर आतली पातळी खाली गेली होती, एकदम, घोट घेतल्यासारखी. हवा निघाली. मी डब्यातलं हिरवं ओतलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा ओतलं, झाकण घट्ट लावलं. पंखा घरघरला. गाडीत हात घातला तर हीटरमधून भाजेल असा वारा, आणि काटा उतरून मध्यावर. मी काट्याकडे बघत उभी राहिले. तो हलला नाही.

आप्पांनीही बघितलं. मग खिशातून रुमाल काढून हात पुसला आणि म्हणाले, "चला, बरी झाली म्हणजे न्यायला हरकत नाय. चावी आण."

मला हसूच आलं. मी मेले असते तरी या हसण्याने उठून बसले असते. "गाडी कुठे जाणार नाही, आप्पा."

"फोनवर बरं म्हणालीस ना तू?"

"म्हणाले. आता नाही म्हणते."

मी चावी शर्टाच्या खिशातून काढली, भाजलेल्या हातातच धरली. "बसा, चढावर नेऊन बघू." ते सवयीने उजव्या दाराशी गेले, तिथे मी उभी होते. मग ते बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, आणि जाता जाता कॅन उचलला. "असूदे बरोबर," म्हणाले, "वाटेत तहान लागली तर." मी म्हटलं, "प्यायला असूदे. प्यायला तुमच्या विहिरीसारखं पाणी नाही कुठे." हे मी मनापासून म्हटलं.

भाट्याचा पूल गेला, सुरूची झाडं गेली. आप्पा एका हाताने वरची कडी धरून बसले होते. गोळपचा चढ लागला. मी गिअर खाली घेतला. आप्पा रस्ता बघत नव्हते, काटा बघत होते. परवा जिथे वाफ निघाली ती जागा आली आणि गेली. काटा मध्यावरच. वरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, वारा लागला.

"आता परत फिरव की," आप्पा म्हणाले.

"पूर्णगडला जाऊन येऊ."

"पूर्णगडला? तिथे काय काम?"

"काही नाही."

"मग कशाला?"

"उगाच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मोठं वळण आलं, कॅन त्यांच्या पायांशी कलंडला, झाकणाच्या कडेने पाणी सुटून त्यांच्या चपलांवर गेलं. ते गडबडीने वाकले.

"पायांत घट्ट धरा, आप्पा," रस्त्यावरची नजर न काढता मी म्हटलं, "वळणावर सांडतं."